योनेयामांनी वाचलेली सूचना

योनेयामांचं टेबल खिडकीशी होतं. कंपनीत खिडकीशी बसणं ही काही बढती नव्हे. कामाची माणसं दालनाच्या मध्यावर समोरासमोर टेबलं जोडून बसतात आणि त्यांच्या टोकाला साहेब बसतो. खिडकीशी बसतो तो, ज्याला बाहेर बघायला वेळ आहे असं इतर सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं असतं.

साठी पूर्ण झाली त्या वसंतात योनेयामांना फुलांचा गुच्छ मिळाला, निरोपाचं जेवण झालं, हिरुमाने डोळ्यांत पाणी आणून भाषण केलं. आणि पुढच्याच सोमवारी योनेयामा नेहमीच्या गाडीने, नेहमीच्या डब्यात भाताचे गोळे घेऊन, त्याच दारातून परत आत आले. आता करार वर्षावर्षाचा, पगार निम्म्याच्या आसपास, आणि कालपर्यंत ज्याला ते ‘हिरुमा’ म्हणत त्याला म्हणायचं ‘हिरुमासाहेब’. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. नागाओका शहरातल्या सगळ्याच कंपन्यांत असंच चालतं. हिरुमा नोकरीला लागला तेव्हा योनेयामांच्याच हाताखाली शिकला होता. तो कामाला चलाख होता, पण लिहायला घाई करायचा.

“योनेयामासान, तुम्हाला आता धावपळीचं काम नको,” हिरुमा पहिल्या दिवशी म्हणाला. “टिपांमधल्या अक्षरांच्या चुका काढा. माहितीपुस्तकांतल्याही. तुमच्यासारखा बारीक नजरेचा माणूस दुसरा कुठे आहे आमच्याकडे?”

काम खरंच निघालं होतं. एका मोठ्या ग्राहकाने प्रोग्रामबरोबर दिलेलं माहितीपुस्तक उघडलं आणि पहिल्याच पानावर स्वतःच्या कंपनीचं नाव चुकीच्या अक्षरांत वाचलं. तेव्हापासून वरून हुकूम होता की सगळं साफ करा.

प्रोग्राम म्हणजे यंत्राला दिलेले हुकूम. पण हुकमांच्या मध्ये मध्ये माणसांनी माणसांसाठी लिहिलेल्या ओळीही असतात. इथे काय चाललं आहे, का चाललं आहे, पुढच्याने काय सांभाळायचं, असं त्यांत लिहिलेलं असतं. यंत्र या ओळी ओलांडून जातं. त्यांना टिपा म्हणतात. जपानीत टाइप करताना उच्चार द्यायचा आणि यंत्र त्याच उच्चाराची जी अक्षरं पुढे करील त्यांतून योग्य ती निवडायची. घाईतला माणूस पहिलं पुढे आलेलं उचलतो. त्यामुळे उच्चार बरोबर आणि अर्थ भलताच, अशा टिपा हजारोंनी साचल्या होत्या. योनेयामा त्या एकेक करून नीट करत.

हाताळलेल्या प्रत्येक फायलीच्या माथ्यावर बदल करणाऱ्याने आपलं नाव आणि तारीख लिहायची, हा कंपनीचा जुना दंडक. अर्धविराम बदला नाहीतर अख्खा हिशेब बदला, नाव लिहायचंच. आणि दुसरा दंडक कुठेही लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. काही बिघडलं की शेवटचं नाव ज्याचं, त्याला बोलवायचं. योनेयामांनी दोन वर्षांत इतक्या फायली साफ केल्या, की कुठलीही उघडावी तर माथ्यावर शेवटचं नाव त्यांचंच.

“योनेयामासान, माझ्या टिपा वाचल्यात का?” मधल्या टेबलावरचं कुणीतरी चहा ओतताना विचारी.

“वाचल्या. तुम्ही महिन्याच्या सुरुवातीला छान लिहिता आणि शेवटी-शेवटी बिघडता.”

“अरे बापरे! हे तर हात बघून भविष्य सांगणाऱ्यांपैकी निघाले. माझं लग्न कधी ते पण बघा की टिपेत!”

“त्यासाठी आधी ‘वधू’ बरोबर लिहायला शिका.”

हसण्यावारी जाई. योनेयामांनाही बरं वाटे. पण घरी बायको, मासाए, हसण्यावारी नेत नसे.

“यंत्र वाचत नाही म्हणता. माणसंही वाचत नाहीत म्हणता. मग नीट कुणासाठी करता? उंदरांसाठी?”

“पुढे कुणीतरी वाचेल.”

“पुढे! लग्न झाल्यापासून ऐकतेय. तुमचं सगळं पुढेच असतं. आधी मुळ्याचं लोणचं घ्या, ते आत्ताचं आहे.”

योनेयामांना काम आवडत होतं, हे ते तिला सांगत नसत. टिपांमध्ये कंपनीतली जुनी माणसं भेटत. बैठकीत मान खाली घालून “होय, होय” म्हणणारा माणूस टिपेत लिहून ठेवी, ‘हे वरून आलं म्हणून केलं, मला पटलेलं नाही.’ कुणी लिहिलेलं असे, ‘ग्राहक रात्रीतून मत बदलतो, इथे हात लावण्याआधी त्याला फोन करावा.’ साहेबाच्या तोंडावर जे बोलता येत नाही ते तिथे उतरे. ही पद्धत योनेयामांनीच अनेकांना शिकवली होती. हिरुमा नवा असताना एकदा तोंड पाडून बसला होता. काम अर्धवट आहे, पण द्यायची तारीख आली आहे, आणि तेव्हाचे साहेब ऐकून घेत नाहीत. योनेयामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, “बोलता येत नसेल तर टिपेत लिहून ठेव. आपलं कर्तव्य झालं. वाचणारा वाचेल.”

त्या वेळी हे फार शहाणपणाचं वाटलं होतं.

शरदात त्यांच्याकडे मिनेगामी कंपनीचा प्रोग्राम आला. मिनेगामी म्हणजे डोंगराकडच्या गावांना घरोघर रॉकेल पोचवणारी कंपनी. त्या गावांत घराबाहेर तेलाची टाकी असते आणि हिवाळाभर घरातली शेगडी तिच्यावर चालते. टाकी कधी रिकामी होईल याचा अंदाज प्रोग्राम बांधतो आणि तेलाच्या गाडीला रोजची यादी देतो. गिऱ्हाइकाला फोन करावा लागत नाही. गाडी येते, भरते, चिठ्ठी दारात अडकवून जाते.

त्या प्रोग्रामच्या पोटात, खूप खाली, एक टीप होती. तिच्यात अक्षरांची इतकी गल्लत झालेली, की पहिल्या वाचनात काही कळेना. योनेयामांनी ती ओठांतल्या ओठांत पुटपुटून वाचली, उच्चारावरून अर्थ लावला, आणि बरोबर अक्षरं बसवली. मग नीट झालेली टीप अशी दिसली:

‘वर्षभरात ज्या घरांचं खातं दुसऱ्याच्या नावावर झालं असेल, ती घरं नव्या वर्षाच्या यादीत आपोआप येत नाहीत. डिसेंबरअखेर ती हाताने पुन्हा चढवावी लागतात. दुरुस्तीला वेळ मिळाला नाही. कृपया विसरू नये.’

खाली नाव नव्हतं. पण गरज नव्हती. हस्ताक्षर ओळखावं तशी योनेयामांनी ती घाई ओळखली. कुठल्या शब्दाशी कुठलं चुकीचं अक्षर हिरुमा उचलतो, हे त्याच्या गुरूला कळणार नाही तर कुणाला?

ते बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. खातं दुसऱ्याच्या नावावर कधी होतं? घरातला कर्ता माणूस जातो तेव्हा. डोंगराकडच्या गावांत आता म्हातारीच माणसं राहतात. मिनेगामीत एक जुने कारकून होते, ते हे काम दर डिसेंबरात न चुकता करत. पण ते याच वसंतात निवृत्त झाल्याचं योनेयामांच्या कानावर होतं, कारण त्यांच्या निरोपाला कंपनीतर्फे फुलं गेली होती. त्यांनी पुढच्याला सांगितलं असेलच. न सांगता कोण जातं?

तरीही ते उठले. हिरुमाच्या टेबलापर्यंत गेले. हिरुमा फोनवर होता. त्याने फोनवर हात ठेवून भुवया उंचावल्या.

“काही तातडीचं, योनेयामासान?”

त्या एका क्षणात योनेयामांच्या मनात पुष्कळ काही येऊन गेलं. टीप याचीच आहे, म्हणजे याला माहीत असणारच. मी सांगायला गेलो तर ते शिकवल्यासारखं होईल. जुना गुरू खिडकीतून उठून आला आणि साहेबाची पंधरा-वीस वर्षांपूर्वीची चूक चारचौघांत काढू लागला, असं दिसेल. शिवाय माझं काम अक्षरांचं. मजकूर ज्याचा तो बघेल.

“नाही, नाही. मिनेगामीच्या टिपा झाल्या, एवढंच.”

“वा! छान झालं. तुमचे कष्ट आहेत हो.”

योनेयामा जागेवर आले. फायलीच्या माथ्यावर नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि बदलाच्या रकान्यात लिहिलं, ‘टिपांतील अक्षरदुरुस्ती.’ मग पुढची फाईल उघडली.

त्या जानेवारीत बर्फ फार पडलं. शहरातल्या रस्त्यांवर बर्फ वितळवणारे पाण्याचे फवारे दिवसरात्र चालू होते आणि त्यांच्या गंजाने लालसर झालेल्या पाण्यातून लोक बूट भिजवत कामावर येत होते. डोंगराकडे तर घरांच्या तळमजल्यांच्या खिडक्या बुजल्या. अशात मिनेगामीच्या कार्यालयात फोन सुरू झाले. तेलाची गाडी शेजारी येऊन गेली, आमच्याकडे का नाही? शेगडी विझायला आली. मिनेगामीची माणसं बावरली, पण फोन आला त्या घरी धावपळ करून तेल पोचवत राहिली. फोन करणाऱ्यांचं निभावलं.

ओताके फुमि नावाच्या आजींनी फोन केला नाही. त्यांचा नवरा पावसाळ्यात गेला होता आणि खातं त्यांच्या नावावर झालं होतं. शेगडी विझल्यावर त्या अंगावर सगळी पांघरुणं घेऊन कोतात्सूच्या, म्हणजे रजई पांघरलेल्या बुटक्या टेबलाच्या, खाली पाय घालून बसल्या. छपरावरचं बर्फ काढायला आलेल्या माणसाला दार वाजवून उत्तर आलं नाही, तेव्हा तो मागून आत शिरला. आजींना धड बोलता येत नव्हतं. रुग्णालयात त्यांची छाती भरल्याचं निघालं.

फोन का केला नाही, असं त्यांना शुद्धीवर आल्यावर विचारलं. त्या म्हणाल्या, “तेल माझ्या मालकांच्या नावानं यायचं. ते गेले. म्हटलं, आता आपला नंबर मागे गेला असेल. या बर्फात आपल्यामुळे कुणाची ओढाताण कशाला?”

ही गोष्ट स्थानिक वर्तमानपत्रात आली. मिनेगामीचं नाव आलं, आणि ‘संगणकातील दोष’ असे दोन शब्द आले. त्या दोन शब्दांनी हिरुमाच्या विभागात सुतक पडलं.

सकाळी सगळ्यांना भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर बसवण्यात आलं. कुणीतरी मिनेगामीच्या यादीची फाईल उघडली. माथ्यावर शेवटचं नाव: योनेयामा. तारीख: ऑक्टोबरातली. मधल्या टेबलांवरच्या सगळ्या माना खिडकीकडे वळल्या आणि लगेच परत फिरल्या. परत फिरणं योनेयामांना जास्त लागलं.

“कुणाला दोष द्यायचा नाही,” हिरुमा म्हणाला. कंपनीत हे वाक्य दोष कुणाला द्यायचा ते ठरल्यावरच म्हटलं जातं.

मग त्याने योनेयामांना कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि आधी स्वतः मान झुकवली.

“योनेयामासान, एक विनंती आहे.”

“मी फक्त टिपा दुरुस्त केल्या, हिरुमासाहेब. हुकमांच्या एका ओळीलाही हात लावलेला नाही.”

“मला माहीत आहे.”

“मग?”

“माहीत आहे म्हणून तर विनंती करतोय.” हिरुमाने खुर्ची जवळ ओढली. “अहवालात लिहायचं, की अक्षरं दुरुस्त करताना अनवधानाने काहीतरी निसटलं. बस, एवढंच. वय झालेला माणूस, बारीक काम, अनवधान. मिनेगामीची माणसं समजून घेतील. कुणी तुम्हाला फासावर देणार नाही. मार्चात तुमचा करार नव्याने होईल, ते मी बघतो.”

“आणि ती टीप?”

हिरुमाने खुर्ची पुन्हा मागे सरकवली.

“ती कुणी लिहिली, पाहिलंत?” योनेयामांनी विचारलं.

“पाहिलं.” त्याचा आवाज खाली गेला. एकाएकी तो पूर्वीचा पोरसवदा हिरुमा दिसू लागला. “तुम्हीच सांगितलं होतंत. बोलता येत नसेल तर लिहून ठेव, म्हणून. मी लिहिलं आणि विसरलो. खरं सांगतो, साफ विसरलो.”

“मग तेच सांगू या.”

“सांगा ना!” हिरुमा एकदम चिडला. “तुम्ही काही बिघडवलं नाही हे दाखवायचं, तर जुनी ओळ आणि नवी ओळ शेजारी शेजारी ठेवावी लागेल. ठेवा. लोक काय बघतील? मी ती सूचना लिहिली तेव्हा नवा होतो, घाबरलेला होतो. कारकून माहीतगार होते, वर्षानुवर्षं चाललं. पण ऑक्टोबरात ती वाचली कुणी, योनेयामासान? या कंपनीत एकाच माणसाने वाचली. नुसती वाचली नाही, अक्षर न अक्षर लावून वाचली. आणि सुंदर करून ठेवून दिली.”

बाहेर छपरावरून बर्फाचा थर घसरून धप्पकन पडला. दोघेही दचकले.

“त्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलाशी आला होतात,” हिरुमा हळू म्हणाला. “ते हेच सांगायला का?”

योनेयामा दाराकडे वळले आणि परत फिरले.

“बघा, म्हणजे अनवधान हाच शब्द तुमच्यासाठी बरा आहे. माझ्यासाठी तर आहेच.”

घरी योनेयामांनी मासाएला सगळं सांगितलं. असं सगळं सांगण्याची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते मागून पुढे आणि पुढून मागे सांगत गेले. ती हातातलं विणकाम ठेवून ऐकत होती.

“चोर सोडून संन्याशाला फाशी,” ती म्हणाली. “त्या हिरुमाला लाज नाही. आपल्या घरी बसून किती वेळा रस्सा ओरपलाय त्यानं.”

“मी संन्यासी असतो तर सोपं होतं गं.”

“म्हणजे?”

“मी वाचली होती ना.”

मासाएने विणकाम टोपलीत टाकलं. मग म्हणाली, “मला एक सांगा. तुम्ही ती वाचून उठलात, त्याच्या टेबलापर्यंत गेलात, आणि परत आलात. ते अंतर किती असेल हो? माझ्या स्वयंपाकघरापेक्षा मोठं आहे का तुमचं ऑफिस?”

योनेयामांनी मनात पावलं मोजली. गेल्या सगळ्या वर्षांत त्यांच्या हातून गेलेल्या कामात चूक निघाली नव्हती, आणि हे एवढंच त्यांचं भांडवल होतं. एकीकडे ते धांदरट ठरत होते, दुसरीकडे जाणून गप्प बसलेले. धांदरट ठरले असते तर नोकरी राहत होती. आणि सगळ्यांत वाईट हे, की यांतलं खोटं कुठलं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मिनेगामीच्या कार्यालयात क्षमा मागायला दोघं काळे सूट घालून गेले. हिरुमाच्या हातात स्टेशनासमोरच्या जुन्या दुकानातली योकानची, म्हणजे घट्ट गोड वड्यांची, पेटी होती. क्षमेची पेटी जड असावी लागते, हलकी मिठाई चालत नाही, म्हणून योकान. तोगाशी नावाचे तिथले व्यवस्थापक रुंद चेहऱ्याचे, थकलेले गृहस्थ होते. हिरुमा कमरेतून वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. योनेयामाही वाकले. गालिच्यावर बुटांच्या ओल्या खुणा दिसत होत्या.

“बसा, बसा,” तोगाशी म्हणाले. त्यांनी अहवाल उघडला, चष्मा लावला. “अनवधानाने… हं. योनेयामासान आपणच? मी यंत्रातला माणूस नाही. तेलातला आहे. मला साध्या भाषेत सांगा, आपण नेमकं बदललंत काय?”

हिरुमा पुढे झाला. “ते असं आहे, की अक्षरदुरुस्तीच्या वेळी…”

“त्यांना सांगू द्या.”

योनेयामांनी हात गुडघ्यांवर ठेवले. येताना गाडीत त्यांनी ‘अनवधान’ हा शब्द मनात घोळवला होता. शब्दात काही चूक नव्हती. अक्षरंही बरोबर होती. पण तो ज्या जागी बसवायचा होता, ती जागा त्याची नव्हती. अशा वेळी काय करायचं हे त्यांना एकाच प्रकारे येत होतं.

“हुकमांमध्ये मी काही बदललं नाही,” ते म्हणाले. “तिथे माणसांसाठी लिहिलेली एक सूचना होती. नाव बदललेली घरं डिसेंबरात हाताने चढवावी लागतात, अशी. ती चुकीच्या अक्षरांत होती. मी ती नीट केली. म्हणजे मी ती वाचली. आणि कुणाला सांगितली नाही.”

हिरुमाने डोळे मिटले.

तोगाशींनी चष्मा काढला. योनेयामांना वाटलं, आता ते ओरडतील. ओरडायलाच हवं होतं. पण तोगाशींच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिथे भीती होती.

“म्हणजे सूचना होती,” ते सावकाश म्हणाले. “लिहिलेली होती. आणि आमचे जुने कारकून डिसेंबरात जास्त वेळ बसायचे, ते हेच करत असत?”

“असावेत.”

“ते गेले तेव्हा मला म्हणाले होते, दोन दिवस द्या, सगळं नीट सांगून जातो. मी म्हटलं, कशाला, आता सगळं यंत्र करतं. आरामात जा.” तोगाशींनी अहवालाचं पान उलटलं, परत सुलटं केलं. मग दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. “योनेयामासान, आपण प्रामाणिक आहात. पण मालकांकडे हाच अहवाल जायचाय. अनवधान हा शब्द ठीक आहे. तो तसाच राहू द्या.”

“पण ते खरं नाही.”

“नसेल,” तोगाशी म्हणाले. “पण तो पुरतो.”

त्यांनी योकानची पेटी आपल्याकडे ओढून घेतली. म्हणजे क्षमा स्वीकारली गेली.

परतीच्या वाटेवर हिरुमाने टाय सैल केला. मग हसला. त्या हसण्यात आनंद नव्हता. “बघितलंत? खरं बोललात तरी कुणी घेत नाही. फुकट मिळालं तरी नको असतं लोकांना.”

“मला त्या आजींना भेटायचंय.”

“कंपनीतर्फे फुलं गेलीत. तुम्ही जाऊ नका. उगाच प्रकरण वाढेल.”

योनेयामा सुट्टीच्या दिवशी गेले. ओताके आजी खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. अनोळखी माणूस आत येऊन वाकलेला बघून त्याही गडबडीने वाकू लागल्या, आणि त्यांना खोकला आला.

“अगंबाई, तुम्ही एवढ्या बर्फातून आलात? माझ्यामुळे सगळ्यांना किती त्रास! मिनेगामीचे का तुम्ही?”

“नाही.”

“मग यंत्रवाले?”

“मी… मी लिहिण्यातल्या चुका तपासतो.”

आजींनी त्यांच्याकडे काही न कळून पाहिलं. “मग तुमचा यात काय संबंध हो?”

योनेयामांनी तोंड उघडलं. टीप, यादी, डिसेंबर, हिरुमाचं टेबल, सगळं सांगण्यासारखं होतं. पण आजी एवढ्या अपराधी चेहऱ्याने बघत होत्या, की सांगितलं असतं तर त्याचीही त्यांनीच माफी मागितली असती. शेजारच्या तिपाईवर कंपनीची फुलं होती. त्यांतली काही मान टाकून पडली होती. योनेयामांनी ती वेचून काढली, पाणी बदललं, आणि निघाले.

मार्चात हिरुमाने कराराचा कागद पुढे ठेवला. शब्दाचा तो पक्का निघाला.

“पुन्हा असं होऊ नये म्हणून उपाय ठरलेत,” तो म्हणाला. “एक, यापुढे टिपांना हात लावायचा नाही. चुका असल्या तर असू द्यात. दोन, मिनेगामीची फाईल ऑक्टोबराआधीची होती तशी परत बसवली. तुम्हाला आता माहितीपुस्तकांच्या कपाटाचं काम देऊ. हलकं आहे.”

“ऑक्टोबराआधीची?” योनेयामांनी विचारलं. “म्हणजे ती टीप पुन्हा तुमच्या अक्षरांत?”

“असेल.”

“आणि तो दोष?”

हिरुमाने दाराकडे बघितलं, अगदी तोगाशींनी बघितलं होतं तसंच.

“दोष दुरुस्त करायला घ्या, हिरुमासाहेब. सही मी आत्ता करतो. दुसरं काही मागत नाही.”

“कसा घेऊ? कारण दूर केलं, असं आपण लिहून दिलंय. तुमचं अनवधान हे कारण. आता मी दोष दुरुस्त करायला घेतला तर लोक विचारतील, मग कारण दुसरं होतं का? मिनेगामीचे विचारतील, आमचे वरचे विचारतील. सगळं परत उकरलं जाईल.”

“डिसेंबर परत येणार आहे.”

“डिसेंबरात बघू. मी लक्षात ठेवीन.”

“कुठे लिहून ठेवाल?” योनेयामांनी विचारलं.

हिरुमाला तोंडावर मारल्यासारखं झालं. योनेयामांनी कागद दोन्ही हातांनी उचलला, सरळ केला, आणि सही न करता त्याच्यापुढे परत ठेवला. या वेळी फुलं मिळाली नाहीत, भाषण झालं नाही. मधल्या टेबलांवरच्या लोकांनी “आपले फार कष्ट झाले” असं म्हटलं, आणि खिडकीशी लगेच एक छापयंत्र आणून ठेवलं गेलं.

पुढे ऐकू आलं, की त्या विभागात कुणाच्या हातून काही बिघडलं की थट्टेने म्हणतात, “योनेयामा झालं.” नव्या लोकांना तर तो खरा माणूस होता हेही ठाऊक नाही. पण फायलींच्या माथ्यावर ते नाव जिकडेतिकडे आहे, त्यामुळे त्यांना थट्टा पटते.

मासाएने हे बाजारात कुणाकडून तरी ऐकलं. घरी येऊन तिने मुळे धडाधड चिरले. काही बोलली नाही. न बोलण्यावरून योनेयामांना कळलं.

डिसेंबर आला. बर्फाचा पहिला थर बसला त्या सकाळी योनेयामांनी मिनेगामीच्या गिऱ्हाइकांसाठीच्या फोनवर नंबर फिरवला. मासाए शेजारीच उभी होती. एका मुलीने गोड आवाजात फोन उचलला.

“मला एक विचारायचं होतं,” योनेयामा म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच मोठा वाटला. “या वर्षात ज्या घरांचं खातं दुसऱ्याच्या नावावर झालं, ती नव्या वर्षाच्या यादीत आपोआप येत नाहीत. ती हाताने चढवावी लागतात. तुम्ही चढवलीत का?”

“थांबा हं, मी लिहून घेते.”

“लिहून घेऊ नका. आत्ता उठा आणि तोगाशीसाहेबांना तोंडाने सांगा. मी फोन धरून थांबतो.”

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. “माफ करा, आपण कोण बोलताय?”

“योनेयामा.”

“योनेयामा म्हणजे… अहो, ते गेल्या वर्षीचे? ज्यांच्या अनवधानाने…” ती अडखळली.

मासाएचा हात त्यांच्या दंडावर घट्ट झाला.

“हो,” योनेयामा म्हणाले. “तोच. जा, सांगून या.”